‘स्मृतिचित्रे’ आणि ‘धीर’ हा शब्द

पेण व रोहे या भागांतून आमच्या विभागात येणाऱ्या विद्यार्थ्यांसमवेत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे वाचन चालू असता रोह्याच्या एका विद्यार्थिनीने एक प्रश्न विचारला. त्याचे समाधानकारक उत्तर प्रस्तुत लेखकास त्या दिवशी देता आले नाही. तिचे म्हणणे असे : संकटकाळी ख्रिस्ती श्रद्धेने लक्ष्मीबाईंना बळ दिले असे आपण सारे म्हणतो, पण ते बळ पुस्तकात कोठे आहे, ते पान दाखवा. बाई श्रद्धेचे निरूपण करीत नाहीत, विनोद मात्र पानोपानी करतात. मग हे बळ श्रद्धेचे, की जुन्या घरात वाढलेल्या स्त्रीच्या अंगच्या चिवटपणाचे?

प्रश्न वरवर साधा असला, तरी त्याच्या उत्तरावर या ग्रंथाचे मूल्यमापन अवलंबून आहे. बाईंची श्रद्धा ही पतीच्या मागोमाग आलेली, उसनी गोष्ट ठरली, तर ‘स्मृतिचित्रे’ हे एका कविपत्नीचे खुसखुशीत आठवणींचे पुस्तक उरते. ती त्यांची स्वतःची ठरली, तर मराठी गद्यात श्रद्धेच्या अभिव्यक्तीचा एक अगदी निराळा प्रकार येथे सिद्ध झाला आहे, असे म्हणावे लागते. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे.

आपला घोटाळा होतो तो अपेक्षेमुळे. मराठी ख्रिस्ती आत्मकथनाची जी परंपरा बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’पासून चालत आली, तिचा साचा ‘साक्षी’चा आहे. साक्ष देणाऱ्याच्या आयुष्याचे दोन भाग पडतात : अंधाराचा आणि प्रकाशाचा, व मधले संकट ही पहिल्यातून दुसऱ्यात नेणारी पायरी असते. पंडिता रमाबाईंनी 1907 साली आपली साक्ष इंग्रजीत प्रसिद्ध केली. त्यांच्या वाट्याला आलेली दुःखे कोणाचाही धीर खचावा अशीच होती. दुष्काळात आईवडील गेले, 1880 साली भाऊ गेला, 1882 साली, लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच, पती गेले. रमाबाई या दुःखांना अर्थ लावतात. प्रत्येक आघात कोठे घेऊन जात होता, हे त्यांना मागे वळून पाहताना स्पष्ट दिसते. त्या लेखनाची ताकद त्या स्पष्टतेत आहे.

‘स्मृतिचित्रे’त असा अर्थ लावलेला नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. नवरा जिवंत असून नाहीसा झालेला. सौभाग्य आहे म्हणावे तर संसार नाही. या पाच वर्षांची हकीकत सांगताना ‘देवाने मला याच्यासाठी तयार केले’ अशा जातीचा निष्कर्ष बाई काढीत नाहीत. तो दुःखाचा काळ त्यांच्या पुस्तकात दुःखाचाच राहतो. पुढे अहमदनगरास पतीजवळ राहू लागल्यावरही त्यांचे पाणी वेगळे, चूल वेगळी. बाजारातून आलेले मीठसुद्धा धुवून घेण्यापर्यंत ज्या वडिलांचे सोवळे गेले होते, त्यांची ही मुलगी. तिचे मन एका रात्रीत बदलणार नव्हते. ते बदलले ते रोजच्या स्वयंपाकघरातून, माणसांच्या सहवासातून, स्वतःशीच घातलेल्या वादातून. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पती मागे लागले म्हणून ही गोष्ट घडली, असे पुस्तक वाचून कोणी म्हणू शकेल असे वाटत नाही. टिळकांनी त्यांचे सोवळे सांभाळू दिले, हे तर त्यांनीच लिहून ठेवले आहे.

आता भाषेकडे वळू. कारण विद्यार्थिनीने मागितलेले पान तेथेच सापडते. बाप्तिस्म्यापूर्वीच्या लक्ष्मीबाई आणि नंतरच्या लक्ष्मीबाई यांच्या शब्दसंग्रहात भेगच पडत नाही. वाक्ये तशीच छोटी, बोलण्याच्या लयीची. पती तेव्हाही ‘टिळक’ आणि आताही ‘टिळक’, आदरार्थी बहुवचनात आणि तरीही थट्टेच्या टप्प्यात. आणि देव तेव्हाही ‘देव’ आणि आताही ‘देव’च. हा शेवटचा विशेष त्यांच्या एकटीचा नव्हे. फादर स्टीफन्सनी 1616 च्या ‘ख्रिस्तपुराणा’त स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणून ही वाट मळून ठेवली होती. आणि आपण ख्रिस्तापाशी आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे खुद्द टिळक मानीत. परंतु स्टीफन्स व टिळक यांनी जे हेतुपूर्वक केले ते लक्ष्मीबाईंच्या गद्यात सहज घडते.

उदाहरणादाखल ‘धीर’ हा एकच शब्द घेऊ. संस्कृतात ‘धीर’ हे विशेषण, स्थिरबुद्धी मनुष्याचे. मराठीने त्याचे नाम केले आणि त्याभोवती क्रियापदांचा मोठा गोतावळा जमवला : धीर धरणे, धीर देणे, धीर सुटणे, धीर खचणे, धीर एकवटणे. यांतले ‘देणे’ महत्त्वाचे आहे. मराठीत धीर ही दुसऱ्याला देता येण्याजोगी वस्तू आहे; ती शेजारीण देते, सासू देते, कधी लहान मूलही देते. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात संकटातून निपजणारा जो गुण सांगितला आहे, त्याचा मूळ ग्रीक शब्द ‘ओझ्याखाली टिकून राहणे’ असा आहे. मराठी बायबलात तेथे ‘धीर’ आला. भाषांतर अचूक आहे की नाही, हा वाद वेगळा. पण त्यामुळे एकट्याने सोसण्याच्या गुणाला मराठीत माजघराची सोबत मिळाली, हे निश्चित. (रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे, 1922 पर्यंत, मूळ भाषांवरून साध्या मराठीत बायबल उतरविण्यात घालविली, ती अशाच शब्दांच्या शोधात.)

लक्ष्मीबाईंची श्रद्धा या दुसऱ्या, देण्याघेण्याच्या धीराची आहे. टिळक हातातले पैसे वाटेत भेटेल त्याला देऊन रिकाम्या हातांनी घरी येतात. त्या घरात परक्यांची मुले वाढतात. अहमदनगरच्या प्लेगात बाई आजाऱ्यांच्या उशाशी बसतात. या प्रसंगांत ‘मला बळ मिळाले’ अशी नोंद शोधणारा वाचक निराश होईल. बाई दुसऱ्याला धीर देत असतात. स्वतःला तो कोठून मिळाला हे सांगण्याची त्यांना सवडच नाही. श्रद्धा येथे क्रियापदांत आहे, नामांत नाही. त्यांचा विनोद हाही याच जातीचा. तो दुःख झाकण्यासाठी येत नाही, घरातली इतर माणसे खचू नयेत म्हणून येतो. चिवटपणा जुनाच, हे विद्यार्थिनीचे म्हणणे मान्य. पण सोवळ्याच्या घरातला तो चिवटपणा चौकटीबाहेरच्या कोणालाही शिवू देत नव्हता. तोच पुढे महारामांगांच्या लेकरांपर्यंत पोचला, आणि हा फरक चिवटपणाने आपल्या आपण पडत नाही.

रोह्याच्या वाचकाला याच्या उलट उदाहरण घराजवळच मिळेल. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याशी जेथे समुद्राला मिळते, तेथे पलीकडच्या तीरावर कोर्लई आहे. 1740 साली पोर्तुगीजांनी चौल सोडले व तो मुलूख मराठ्यांकडे गेला. कोर्लईचे ख्रिस्ती मागे राहिले. राज्य गेले, आश्रय गेला. धर्म मात्र राहिला, आणि धर्माने त्यांना शेजाऱ्यांपासून वेगळे राखले म्हणून त्यांची पोर्तुगीजजन्य बोलीही राहिली. ते तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांचा 1996 चा ग्रंथ या बोलीवरील मूलभूत अभ्यास होय. भाषाशास्त्राला तेथे ‘अलगपणा’ हे कारण पुरते, आणि ते चूकही नाही. परंतु अडीचशे वर्षे अलग राहणे ही काही आपोआप घडणारी गोष्ट नव्हे. कोर्लईत श्रद्धेने एक भाषा कुंपणाआड जपली. लक्ष्मीबाईंच्या ठायी श्रद्धेने भाषा होती तशीच ठेवून कुंपण काढले. पराभवानंतर तग धरण्याच्या या दोन्ही रीती खऱ्या आहेत. आपल्या समीक्षेला मात्र पहिलीच चटकन दिसते, कारण तिची खूण कानाला वेगळी लागते. पेण तालुक्यातील गागोद्याच्या विनोबांनी ‘ख्रिस्त-धर्म-सार’ संकलित केले, त्याची चर्चा आपण करतो, तीही बाहेरून झालेला प्रवेश उठून दिसतो म्हणूनच.

9 मे 1919 रोजी टिळक गेले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ज्या मुलीला लग्नानंतर पतीने अक्षरओळख करून दिली, तिने ते पुढे लिहीत नेले. काव्य म्हणून ते ‘स्मृतिचित्रे’च्या गद्याच्या जवळपासही येत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे, तेथे बाई ग्रंथाची भाषा बोलतात, स्वतःची नव्हे. तरी कराचीला मुलाच्या संसारात, साठी उलटलेल्या वयात, एकीकडे आठवणी आणि दुसरीकडे नवऱ्याचे अर्धे राहिलेले काम, असे त्यांचे लिहिणे चालले होते. 1936 साली त्या वारल्या तेव्हा ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग पुरा झालेला नव्हता. ‘ख्रिस्तायन’ 1938 साली छापून आले.