रोहिणीच्या पाण्यावरील ठराव

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून या ग्रंथावर दोन बाजूंनी अन्याय होत आला आहे. विद्यापीठीय पंडित त्यातील एकेक प्रसंग पाली साहित्याशी ताडून पाहतात आणि मेळ बसला नाही की ग्रंथ बाजूस सारतात. आपल्याकडील वक्ते त्यास मस्तकाने वंदन करतात. पण हा ग्रंथ वाचकाशी वाद घालू इच्छितो, याची दखल घेत नाहीत. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे प्रकरण या दोन्ही अन्यायांचा ठळक नमुना आहे, म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही तेवढ्याच प्रकरणाचा विचार करणार आहोत.

वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी ही चार दृश्ये पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही परंपरागत कथा बाबासाहेबांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या पुरुषास तोवर म्हातारा माणूस दिसलाच नव्हता, हे बुद्धीस पटणारे नाही. त्या जागी त्यांनी शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आणला. हा तंटा त्यांनी कल्पनेने रचलेला नाही. कुणाल जातकाच्या प्रास्ताविक कथेत आणि धम्मपदाच्या अट्ठकथेत तो आहे. मात्र तेथे तो बुद्धत्वप्राप्तीनंतर घडतो आणि स्वतः तथागत तो मिटवितात. तो गृहत्यागापूर्वी नेण्याची वाट धर्मानंद कोसंबी यांनी दाखविली होती. सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताच्या आधारे त्यांनी असे मांडले की, शस्त्रधारी माणसांचे परस्परविरोध पाहून बोधिसत्त्वास उद्वेग आला. अल्प पाण्यातील माशांसारखी तडफडणारी प्रजा ही त्या सुत्तातील प्रतिमा प्रसिद्ध आहे. अट्ठकथेतील घटना आणि सुत्तातील उद्वेग यांची सांगड घालून बाबासाहेबांनी जे उभे केले, ते इतिहास म्हणून किती टिकेल हा प्रश्न निराळा. आमच्या मते या प्रकरणाची कसोटी, गृहत्यागाचे कारण म्हणून ते अधिक विवेकी आहे किंवा नाही, ही असावयास हवी.

प्रकरणाची रचना लक्षपूर्वक पाहावी. सेनापती कोलीयांविरुद्ध युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो. आपल्याही माणसांनी आगळीक केल्याचे ऐकिवात आहे, असे तो भर सभेत सांगतो आणि उपसूचना मांडतो. दोन्ही पक्षांनी दोन दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा. उपसूचना प्रचंड बहुमताने फेटाळली जाते. दुसऱ्या दिवशी वीस ते पन्नास वयाच्या शाक्यांस सैन्यात दाखल होण्याची आज्ञा निघते, तेव्हा तो नकार देतो. सेनापती त्यास संघाच्या सदस्यत्वाच्या शपथेची आठवण देतो. येथे वाचकाने मागची पाने उलटावीत. शाक्यांचे हित तन, मन आणि धनाने रक्षीन, ही शपथ त्याने घेतलीच होती. पण कोणाही शाक्याचा दोष निर्भयपणे उघड करीन, हीही शपथ त्याच वेळी घेतली होती. सेनापतीस पहिली आठवते, सिद्धार्थ दुसरी पाळतो. राष्ट्रहिताच्या नावाने आजवर जितकी भाषणे झाली त्यांतील बहुतेकांत पहिलीच शपथ ऐकू येते.

सभेचे हे वर्णन प्राचीन शाक्यगणाचे कमी आणि आधुनिक विधिमंडळाचे अधिक आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तो काही अंशी खरा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, ठराव, गणपूर्ती, पक्षादेश, मतमोजणी हे संसदीय नियम भिक्खुसंघास ठाऊक होते. त्यानंतर २७ सप्टेंबर १९५१ रोजी हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. बहुमतापुढे हरलेल्या सदस्याने पुढे काय करावे, हा प्रश्न त्यांच्यापुरता पुस्तकी नव्हता. सिद्धार्थ बहुमताचा निर्णय उलथवू पाहत नाही. त्यात भागही घेत नाही. फाशी वा देशत्याग, कुटुंबावर बहिष्कार, जमिनीची जप्ती ही सारी शिक्षा तो समजून घेतो आणि परिव्रज्या स्वतः मागतो. त्यामुळे या ग्रंथातील गृहत्याग राजकारणातून पळ काढणे ठरत नाही. त्याला राजकीय कृती म्हणणेच योग्य.

नौपाड्यातील वर्षावासाच्या ग्रंथवाचनात एका श्रोत्याने विचारलेला प्रश्न आम्हांस मार्मिक वाटला: भांडण ज्यांच्यात झाले, ते शेतावरचे चाकर सभेत कोठे आहेत? उत्तर असे की, ते नाहीत. दोन्हीकडचे चाकर जखमी होतात आणि पुढे सारी चर्चा मालकांची होते. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी ओंजळभर पाण्यासाठी उभ्या राहिलेल्या नेत्याच्या लेखणीतून हे निसटावे, याचे आश्चर्य वाटते. या प्रकरणाचे हे उणेपण आहे आणि ते मान्य केल्याने ग्रंथाचा मान कमी होत नाही. पुढे राजगृहाजवळ सिद्धार्थ वर्गकलहाचा विचार करू लागतो, तेव्हा ही उणीव काहीशी भरून निघते.

आता आजच्या काळाकडे. व्हिएतनाम युद्धाच्या वर्षांत थिक न्यात हान्ह यांनी ‘एंगेज्ड बुद्धिझम’ ही संज्ञा रूढ केली आणि पाश्चात्त्य अभ्यासकांनी बाबासाहेबांचे नाव त्याच मालिकेत गोवले. हेतू आदराचा असला तरी हे विशेषण आम्हांस खटकते. मूळ धम्म समाजापासून अलिप्त होता आणि सहभाग त्यास मागाहून जोडला, असे त्यातून सूचित होते. शिवाय सहभाग म्हणजे सद्गुण, हे गृहीतही तपासले पाहिजे. म्यानमारमध्ये मुसलमानांविरुद्ध प्रवचने देणारे भिक्खूही राजकारणात सहभागीच होते. २०१७ साली सात लाखांहून अधिक रोहिंग्यांस देश सोडावा लागला. त्याच देशात मार्च २०१३ मध्ये मिक्तिला येथे दंगल पेटली असता एका विहाराच्या प्रमुख भिक्खूंनी शेकडो मुसलमानांस आश्रय दिला. दोघांचे चीवर एकच. आपला संघ युद्धाचा ठराव करीत असता उभे राहून ‘आपलाही दोष आहे’ असे कोण म्हणतो, एवढाच भेद रोहिणीचे प्रकरण विचारते. बौद्ध देशांविषयी आपल्याकडे जी भाबडी भक्ती आहे तिला हा प्रश्न रुचणार नाही.

मात्र रोहिणीचा अर्थ ‘मिळेल ती तडजोड घ्यावी’ असा कोणी लावू नये. बोधगया मंदिराचा १९४९ चा कायदा पाहावा. व्यवस्थापन समितीत चार बौद्ध व चार हिंदू. नववा, म्हणजे अध्यक्ष, जिल्हा दंडाधिकारी. आणि तो हिंदू नसेल तर सरकारने हिंदू अध्यक्ष नेमावा, अशी तरतूद. ही शेवटची अट २०१३ च्या दुरुस्तीने गेली, पण पदसिद्ध अध्यक्ष कायम राहिला. वरवर पाहता ही सिद्धार्थाच्या योजनेसारखीच समान वाटणी दिसते. फरक नवव्या माणसात आहे. सिद्धार्थाच्या योजनेत पाचवा माणूस चौघांनी निवडावयाचा होता. येथे नववा कायद्याने आधीच ठरविला. फेब्रुवारी २०२५ मध्ये भिक्खूंनी उपोषण आरंभिले ते या कायद्याविरुद्ध, आणि त्यांची मागणी आम्हांस न्याय्य वाटते.

हीच पट्टी स्वतःस लावली तर? ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच काळात फुटला. १९९८ साली महाराष्ट्रातून पक्षाचे चार खासदार लोकसभेत गेले, आणि पुन्हा वाटा वेगळ्या झाल्या. कोलीयांशी भांडूनच आपण कोसलराजाचे मांडलिक झालो, हे सिद्धार्थ संघास बजावतो. भाऊबंदकीचा लाभ तिसऱ्यास होतो, हे आपल्या गटनेत्यांस कोणी निराळे सांगावयास नको. १९४९ च्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीविषयीही इशारा दिला होता. विहाराच्या व्यासपीठावर बुद्धमूर्तीपेक्षा मोठे हार पुढाऱ्यांच्या गळ्यात पडतात, तेव्हा तो इशारा कोणाच्या ध्यानी असतो?

आमच्या ठाण्याजवळच सोपारा आहे. तेथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांस अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे मृगयेस निघत. या राजाने धम्मयात्रा आरंभिली, श्रमण-ब्राह्मणांस व वृद्धांस भेटला, जनपदातील लोकांशी धम्माविषयी बोलला, असा त्याचा आशय. राजाने लोकांकडे जावयाचे, अशी त्या यात्रेची दिशा होती.

परिव्रज्येनंतर सिद्धार्थास वार्ता मिळते की, शाक्य व कोलीयांत समेट झाला. तो सेनापतीच्या सद्बुद्धीने झालेला नाही. स्त्रिया, पुरुष, मुले ध्वज घेऊन रस्त्यावर आली, कोलीय आमचे भाऊ आहेत असे म्हणू लागली. तेव्हा संघास पुन्हा बसावे लागले आणि कायमचे लवाद मंडळ नेमावे लागले. वर्षावासातील वाचन बहुधा कंथकाच्या शोकापाशी थांबते. यंदा ते या मिरवणुकीपर्यंत न्यावे, असे आम्ही नौपाड्यातील मंडळींस सुचविले आहे.