सिगारेट-कार्डांचा उगम : कालनिर्णयाचा प्रश्न

सिगारेटच्या पाकिटात घालून दिल्या जाणाऱ्या सचित्र कार्डांचा उगम सांगताना दोन विधाने वारंवार केली जातात. पहिले असे की, अमेरिकेतील रिचमंड येथील ॲलन अँड गिंटर या कंपनीने १८७५ मध्ये ती प्रथम काढली. दुसरे असे की, मऊ कागदी पाकिटातील सिगारेटी मोडू नयेत म्हणून घातलेल्या कोऱ्या पुठ्ठ्यावर पुढे चित्रे आली. दोन्ही विधाने पुराव्याच्या कसोटीवर घासून पाहिली पाहिजेत.

१८७५ हे वर्ष त्या कंपनीच्या सिगारेट-व्यवसायाच्या आरंभाचे म्हणून दिले जाते. परंतु व्यवसायाचा आरंभ म्हणजे कार्डांचा आरंभ नव्हे. तिची ‘वर्ल्ड्‌स चॅम्पियन्स’ ही ५० कार्डांची ख्यातनाम मालिका १८८७ च्या सुमाराची आहे. मधल्या बारा वर्षांचे अंतर केवळ पुनरुक्तीने भरून निघत नाही.

न्यूयॉर्कच्या टॉमस एच. हॉल याच्या कार्डांचा पुरावा याहून भक्कम आहे. मार्क्विस ऑफ लॉर्न याचे चित्र असलेले त्याचे कार्ड १८७९ चे मानले जाते. लॉर्न १८७८ मध्ये कॅनडाचा गव्हर्नर जनरल झाला आणि १८८३ पर्यंत त्या पदावर होता. तेव्हा नुसत्या चित्रावरून फार तर पूर्वमर्यादा मिळते, उत्तरमर्यादा नव्हे. अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या कार्डांची गोष्ट निराळी आहे. गारफील्ड व हॅनकॉक यांना उमेदवारी मिळाली ती जून १८८० मध्ये आणि मतदान झाले ते २ नोव्हेंबरला. निवडणूक संपल्यावर पराभूत उमेदवाराचे चित्र छापण्यात व्यापाऱ्याला कसला लाभ? येथे दोन्ही मर्यादा आशयातूनच हाती येतात. तिथी आहे पण शक नाही अशा मराठी पत्रांचा काळ ठरविताना इतिहासाभ्यासक हीच रीत अवलंबितात.

पुठ्ठ्याची उपपत्ती सर्वस्वी खोटी नाही, पण अपुरी आहे. पाकिटाला ताठपणा आणण्यास कोरा पुठ्ठाही पुरेसा होता. ‘वर्ल्ड्‌स चॅम्पियन्स’च्या पाठीवर मालिकेतील नावांची यादी छापलेली आढळते. आपल्याजवळ कोणते कार्ड नाही हे ग्राहकाला कळावे आणि त्याने पुन्हा तीच सिगारेट घ्यावी, हा हेतू त्या यादीतून उघड होतो. पुठ्ठ्याने कार्डाच्या अस्तित्वाचे स्पष्टीकरण होते. मालिकेचे होत नाही.

काही जण याचे श्रेय यंत्राला देतात. बॉन्सॅकच्या सिगारेट वळण्याच्या यंत्राला १८८१ मध्ये पेटंट मिळाले व त्या दशकाच्या मध्यास ड्यूकने ते कारखान्यात आणले. उत्पादन अफाट वाढले, स्पर्धा पेटली आणि कार्डांना पूर आला. १८९० मध्ये प्रमुख कंपन्या अमेरिकन टोबॅको कंपनीत विलीन झाल्यावर तो ओसरला. परंतु हॉलची कार्डे यंत्राच्या आधीची आहेत. म्हणून यंत्र हे प्रसाराचे कारण होय, उगमाचे नव्हे. या दोहोंची गल्लत हेच प्रचलित मतांतील मुख्य वैगुण्य होय.