‘पुम्झी’ : स्वप्नांवर बंदी घालणाऱ्या राज्याची कथा

‘पुम्झी’ हा स्वाहिली शब्द असून त्याचा अर्थ ‘श्वास’ असा होतो. केनियाच्या दिग्दर्शिका वनुरी काहिऊ यांचा याच नावाचा, सुमारे २१ मिनिटांचा लघुपट २००९ साली तयार झाला व २०१० मध्ये सनडान्स महोत्सवात दाखविला गेला. महोत्सवांबाहेरच्या सामान्य प्रेक्षकापर्यंत मात्र तो फारसा पोहोचला नाही. ही उपेक्षा अनाठायी होय.

पाण्यासाठी झालेल्या तिसऱ्या महायुद्धानंतरचा हा पूर्व आफ्रिका आहे. माणसे बंदिस्त वसाहतीत राहतात, घाम व मूत्र शुद्ध करून पितात आणि स्वतःच्या अंगमेहनतीतून वीज निर्माण करतात. बाहेरची सृष्टी मृत आहे, असे शासन सांगते. संग्रहालयात काम करणाऱ्या आशाला कोणीतरी मातीचा नमुना पाठविते. तपासणीअंती ती माती सजीव ठरते. आशा तीत जुने बी रुजविते; परंतु बाहेर जाण्याची परवानगी तिला नाकारली जाते.

येथेच या कलाकृतीचे मर्म आहे. टंचाई खरी आहे. तथापि माणसाला गुलाम करते ती टंचाई नव्हे. प्रत्यक्ष पुरावा समोर असताना तो पाहण्यास दिलेला नकार गुलामी टिकवितो. म्हणूनच या राज्यात स्वप्न पडणे हाही अपराध ठरतो व ते दडपण्यासाठी गोळ्या घ्याव्या लागतात.

काहिऊ यांनी वंगारी माथाई यांच्यावर माहितीपटही केला आहे. १९७७ साली केनियात वृक्षलागवडीची चळवळ उभारणाऱ्या आणि २००४ चे शांततेचे नोबेल मिळविणाऱ्या माथाईंची छाया या कथेवर जाणवते.

एक उणीव मात्र नोंदविली पाहिजे. आशा आपल्या वाट्याचे पाणी एका सफाई कामगार स्त्रीला देते आणि पुढे तीच स्त्री तिच्या सुटकेस साहाय्य करते. जिच्यामुळे वाट खुली झाली, ती श्रमिक स्त्री मात्र कथेत मागेच राहते. तिला नाव नाही, तिचे पुढे काय झाले याचा उल्लेख नाही. आशा वाळवंटात रोप लावून, उरलेले पाणी त्यास घालून, स्वतःच्या देहाची सावली त्यावर धरते. हा त्याग हृदयस्पर्शी आहे. परंतु मुक्ती एकटीच्या बलिदानाने येते की अनेकांच्या संघटित जागृतीने, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

हा प्रश्न उपस्थित करण्यासाठी तरी अभ्यासमंडळांनी व महाविद्यालयांनी हा लघुपट आवर्जून दाखवावा आणि त्यानंतर चर्चेस पुरेसा वेळ ठेवावा.