रिलेचे रसग्रहण

मोटारदुरुस्तीची पुस्तकं हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे, ही गोष्ट आपल्या समीक्षकांच्या अजून ध्यानात आलेली नाही. कादंबरीवर परिसंवाद होतात. नवकवितेवर तर कवीपेक्षा समीक्षकच जास्त लिहितात. पण ज्या पुस्तकाच्या भरवशावर माणूस डिसेंबरातल्या सकाळी सहा वाजता बॉनेटमध्ये डोकं घालून उभा राहतो, त्याच्याबद्दल कुणी चार ओळी लिहील तर शपथ. वास्तविक वाचकाच्या आयुष्यावर थेट परिणाम घडवण्याच्या बाबतीत ह्या पुस्तकांचा हात कुणी धरणार नाही. कादंबरी फसली तर वाचकाला झोप येते. हे पुस्तक फसलं तर वाचकाला ढकलावं लागतं.

तेव्हा अशा एका पुस्तकातल्या एका प्रकरणाचं रसग्रहण मी करायला घेतलं आहे. प्रकरण हीटर प्लगच्या रिलेचं. पुस्तक इंग्रजी, जुन्या डिझेल मोटारीचं. मोटार सेकंडहँड घेतली, तिच्या मागोमाग रद्दीच्या दुकानातून पुस्तकही सेकंडहँडच घेतलं, आणि आता दोघांचंही बाइंडिंग सुटत आलं आहे. मोटारीचं नाव सांगत नाही. ती आता घरातली झाली, आणि घरातल्या माणसांची दुखणी नावानिशी छापू नयेत.

ज्यांच्या दारात डिझेलची गाडी नाही अशा सुखी वाचकांसाठी आधी थोडं कथानक. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते. डिझेलच्या इंजिनात ती नसते. रुडॉल्फ डिझेल ह्या गृहस्थानं १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्गला जे इंजिन चालवून दाखवलं, त्याचा सगळा डौलच हा: हवा इतकी दाबायची की ती नुसत्या दाबानं तापेल, आणि मग तिच्यात सोडलेलं इंधन आपोआप पेट घेईल. आमच्या गाडीसारख्या जुन्या इंजिनात हवा दाबून विसाव्या हिश्श्याच्या आसपास आणतात. तत्त्व नामी आहे. पण थंडीतल्या सकाळी सिलिंडरच्या गार लोखंडाला तत्त्वाशी काय कर्तव्य? दाबातून आलेली ऊब ते मुकाट्यानं पिऊन टाकतं. त्यातून जुन्या धाटणीच्या इंजिनात ज्वलनाला सुरुवात होते ती बाजूच्या एका लहानशा कोठडीत, आणि खोली लहान म्हटली की हवेच्या मानानं भिंतीच जास्त. म्हणून दर कोठडीत एक हीटर प्लग. पेन्सिलीएवढी कांडी, तिचं टोक काही सेकंदांत आठशे अंशांच्या वर जाऊन लालभडक होतं. ठिणगीशिवाय जगण्याची प्रतिज्ञा केलेल्या इंजिनाला सकाळी उठायला शेगडी लागते. पहाटेच्या थंड स्नानाचे फायदे साऱ्या आळीला सांगणारे आमचे एक काका स्वतः बंब पेटल्याशिवाय मोरीत पाऊल टाकत नसत, त्यांची हटकून आठवण होते.

आता रिले. चार प्लग मिळून चाळीस-पन्नास अँपिअर प्रवाह ओढतात. एवढा प्रवाह किल्लीच्या स्विचमधून न्यायचा तर स्विचचा भडका उडेल. म्हणून किल्ली फक्त रिलेतल्या एका वेटोळ्याला एका अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह देते. वेटोळ्याचं चुंबक होतं, चुंबक एक पट्टी ओढतं आणि पट्टी मोठ्या वाटेचे दोन संपर्क जोडून देते. म्हणजे सही साहेबांची, पोतं हमालाच्या पाठीवर. रिले हा शब्दच मुळी टप्प्याटप्प्यावर ताजी कुत्री आणि ताजे घोडे तयार ठेवण्याच्या पद्धतीतून आला आहे. विजेच्या तारांनी तो पुढे उचलला. आपल्या पेशवाईतल्या जासुदाला रिलेचं तत्त्व समजावून सांगावं लागलं नसतं.

हा घोडा कधी मेला हे कळणं मात्र गावावर अवलंबून आहे. मुंबईकराचा रिले गेला तर दोन-चार जादा घरघरींपलीकडे त्याला पत्ता लागत नाही. आम्ही नाशिकचे. शेजारच्या निफाडचं तापमान दर हिवाळ्यात पेपरात पहिल्या पानावर येतं. आमच्याकडे मे महिन्यात गेलेल्या रिलेचं सुतक डिसेंबरात येतं.

एवढी पार्श्वभूमी झाल्यावर मूळ संहितेकडे वळू. प्रकरण सव्वा पानाचं आहे. सुरुवात उत्तम. पहिलीच सूचना अशी, की बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. इथे लेखकाला जीवनाची जाण आहे. रिलेपर्यंत येणारी जाड वायर किल्लीला विचारत नाही, ती चोवीस तास जिवंत असते, आणि पाना तिच्यावरून घसरून बॉडीला टेकला तर दिवाळी तिथेच. त्यानंतर लेखक रिले काढण्याच्या वर्णनात रमतो. कुठला नट, कुठला पाना, कुठली पट्टी आधी सरकवायची, सगळं रेखाचित्रासह. आणि मग नवा रिले बसवण्याची वेळ आली की एका ओळीत मोकळा होतो. आशय असा, की काढलात त्याच्या उलट क्रमानं बसवा.

ह्या वाङ्मयप्रकारातली ही आवडती पळवाट आहे. ज्यानं ती प्रथम शोधली त्यानं उलट क्रमानं कधी काही केलं नसावं. धोतर नेसणं हे धोतर सोडण्याच्या उलट क्रमानं असतं, एवढंच सांगून एखाद्या नवऱ्यामुलाला बोहल्याकडे पाठवून बघा. रिलेच्या पोटाखाली आकडे असतात. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी वाट, ८७ म्हणजे प्लगकडे जाणारी, ८५ आणि ८६ ही वेटोळ्याची दोन टोकं. वायरी काढण्यापूर्वी प्रत्येकीला चिकटपट्टी लावून आकडा लिहून ठेवा, हे एक वाक्य घातलं असतं तर पुस्तक काही जाड झालं नसतं.

पण हा किरकोळ दोष. मुख्य दोष असा, की रिले मेला आहे हे लेखक गृहीतच धरतो. तो मेलाय की नुसता बेशुद्ध आहे, की दुसरंच कुणी मेलंय आणि संशय ह्याच्यावर आलाय, ह्याबद्दल सव्वा पानात एकच वाक्य. आणि हल्ली ह्याच पंथाची गॅरेजंही निघाली आहेत. एका चकचकीत ठिकाणी गाडी दाखवली तेव्हा तिथल्या इस्त्रीच्या कपड्यातल्या मुलानं बॉनेट न उघडता अंदाजपत्रक छापून दिलं: बॅटरी, स्टार्टर, चारी प्लग, रिले, सगळं नवीन. रकमेत पाच आकडे होते. रिलेची एकट्याची किंमत खालच्या कराच्या ओळीपेक्षा कमी होती. आमच्या घरातून विचारणा झाली, "अहो, एवढं सगळं बदलल्यावर गाडीत जुनं काय उरणार?"

"मी," असं सांगून मी तो कागद घडी करून पुस्तकातच ठेवला.

आता ते एक वाक्य बघू. किल्ली फिरवल्यावर 'टक्' असा आवाज आला तर रिले ठीक समजावा, असा त्याचा भाव आहे. आपल्या आनंदवर्धनानं नवव्या शतकात काश्मिरात बसून ध्वनीचा केवढा विचार करून ठेवला, आणि हा लेखक नुसत्या आवाजावर भाळला! 'टक्' हा वाच्यार्थ. वेटोळं शाबूत आहे आणि पट्टी हलली, एवढंच तो सांगतो. प्रवाह पलीकडे पोचला हा झाला व्यंग्यार्थ, आणि तो निघेलच असं नाही. वर्षानुवर्षं चाळीस-पन्नास अँपिअरची ने-आण करून संपर्कांची तोंडं जळून खरबरीत होतात. पट्टी इमानानं येऊन टेकते, टक् होतं, आणि पुढे जेमतेम पाझर. टाळ्या वाजल्या म्हणून भाषण पोचलं असं आपण मानतो का? डॅशबोर्डवरचा तो वेटोळ्याच्या चित्राचा पिवळा दिवाही त्याच जातीचा. आमच्या गाडीत तो ठरलेले सेकंद लागतो आणि विझतो. खाली प्लग तापले का, ही चौकशी त्याच्या कामात बसत नाही.

मूळ लेखक जिथे गप्प बसतो तिथे भाष्यकार बोलतो, ही आपली परंपरा. ह्या पुस्तकालाही भाष्यकार लाभला आहे. आधीच्या मालकानं समासात बारीक पेन्सिलीनं मराठीत टिपणं केली आहेत. पुस्तकाची इतर पानं कोरी, ह्या पानावर मात्र काळे अंगठे उमटलेले. आपल्याकडे टीकेला दीपिका म्हणायची चाल आहे. ह्या टीकेचं पहिलंच टिपण आहे: "दिवा लावून पाहा."

आमच्या मिस्त्रींनी तेच केलं. बारा व्होल्टचा बल्ब, त्याला दोन वायरी, एक टोक इंजिनला, दुसऱ्याला खिळा. खिळा ३० वर टेकवला की बल्ब किल्लीशिवायच लागायला हवा; नाही लागला तर दोष आधीच्या वायरीत किंवा मोठ्या फ्यूजमध्ये. मग किल्ली फिरवून ८७ वर. इथे एक मेख आहे. प्लग जोडलेले असतानाच पाहायचं. प्लग सुटे असले तर जळक्या संपर्कातूनही एका बल्बपुरता प्रवाह जातो आणि बल्ब झकास लागून तुम्हाला फसवतो. ओझं पाठीवर असतानाच हमालाचं वय कळतं. ८७ वरही बल्ब लख्ख, तरी गाडी धूर ओकत कुरकुरते, तर मग प्लगवरची पट्टी सोडायची, बल्बचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावून दुसरं एकेका प्लगच्या माथ्यावर धरायचं. ज्याच्यावर बल्ब लागणार नाही, तो प्लग गेला.

मिस्त्रींनी ८७ वर खिळा धरला आणि मला विचारलं, "साहेब, फुल आहे का मंद?"

बल्ब त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. मी म्हटलं, "मंद."

"मघाशी ३० वर कसा होता?"

"फुल."

"मग रिलेच," ते म्हणाले आणि बल्बच्या वायरी गुंडाळायला लागले. मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता: "मोतीबिंदू आहे. पुढच्या महिन्यात काढायचाय. लागला-विझला समजतं, फुल-मंद समजत नाही." मुलगा हाताखाली घेतला नाही का, असं मी विचारलं. "आला होता. म्हणाला, बाबा, नव्या गाड्यांना मशीन लावतात, मशीनच सांगतं काय बदलायचं. आता मोबाईलच्या दुकानात आहे. बरा आहे."

चाळीस वर्षांची विद्या फुल आणि मंद ह्यांतल्या फरकावर उभी होती, आणि त्या सकाळी तो फरक सांगायला माझे डोळे उसने घ्यावे लागले. मूळ इंग्रजी लेखकाला हे लिहिता आलं असतं. त्याच्याकडे सव्वा पान होतं.

जुना रिले मिस्त्रींनी पत्रा उचकटून मला उघडून दाखवला. संपर्कांवर खड्डे पडले होते. पॉलिश पेपर मारून चालला असता, पण चार दिवस. वरचा मुलामा गेलेला. काही लोक ३० आणि ८७ वर जाड स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून काम भागवतात. ठिणग्यांमुळे त्यात एक नाट्य आहे, पण अंक किती सेकंदांत संपवायचा हे न कळल्यास प्लग जळतात, आणि डोळ्यांचाही भरवसा नाही. हवेच्या नळीत ईथरचा फवारा मारणाऱ्यांबद्दल तर बोलूच नये. खाली प्लग लाल झालेला असला तर ते नाटक एकांकिका ठरतं.

नवा रिले बसला. मिस्त्रींनी दहा मोजले, किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या हाकेला उठली. हा प्रसंग पुस्तकात नाही.

पुस्तकात नसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे रिलेचा दुसरा मृत्यू. न जोडता मरतो तसा तो जोडलेल्या अवस्थेतही मरतो. संपर्क वितळून एकमेकांना चिकटतात, मग किल्ली काढली तरी प्लग तापतच राहतात. सकाळी बॅटरीही गेलेली आणि प्लगही. आधीच्या मालकाला ही शंका आलेली दिसते. पानाच्या अगदी तळाशी त्यानं लिहिलं आहे: "चिकटला तर?" खाली उत्तर नाही. बहुधा तोवर त्यानं गाडी विकली असावी.

ते उत्तर मी मिस्त्रींना विचारून, त्यांच्याच शब्दांत, पुढच्या मालकासाठी पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे: "गाडी बंद, किल्ली खिशात, आणि रिले हाताला गरम? आधी बॅटरीची वायर काढ. बोंब मग मार."