अ‍ॅरेमधील बिट सरकवणे: चूक होते, पण आवाज होत नाही

‘बिट एक स्थान डावीकडे सरकवले की संख्या दुप्पट होते’ हे वाक्य बहुतेक टिपणांत कोणत्याही अटीशिवाय येते. पायथनच्या साध्या पूर्णांकासाठी ते बरोबर आहे, कारण तो लागेल तेवढा वाढतो. १ ला ६४ स्थाने सरकवल्यास १८४४६७४४०७३७०९५५१६१६ हे अचूक उत्तर मिळते. नमपायच्या ६४-बिट चिन्हयुक्त अ‍ॅरेत मात्र ६३ स्थानांनंतर उत्तर ऋण होते आणि ६४ नंतर शून्य. क्रियेचे चिन्ह तेच, अर्थ वेगळा. ना त्रुटी, ना इशारा.

याचा परिणाम एका उदाहरणातून पाहू. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडेयर (१७९४–१८६८) बुद्धिबळातील घोड्याच्या फेरीच्या कोड्यांसाठी प्रसिद्ध आहेत. पटावर ६४ घरे असतात, म्हणून बुद्धिबळाच्या प्रोग्रॅममध्ये अख्खा पट एका ६४-बिट संख्येत ठेवतात. डाव्या खालच्या कोपऱ्यापासून घरांना ० ते ६३ क्रमांक दिले, तर घोड्याची उडी म्हणजे ६, १०, १५ किंवा १७ स्थानांचे सरकवणे. हजारो पट एका अ‍ॅरेत ठेवून एकाच आज्ञेत हे काम होते. निश्चित रुंदीचा हा फायदा खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

आता घोडा ६३ व्या घरात ठेवा आणि १७ स्थाने उजवीकडे सरकवा. उत्तर फक्त ४६ वे घर यायला हवे. पण चिन्हयुक्त प्रकारात सर्वांत वरचा बिट हा चिन्हाचा बिट असतो आणि उजवीकडे सरकवताना रिकाम्या जागा त्याच्याच प्रतींनी भरल्या जातात. त्यामुळे ४६ ते ६३ अशी १८ घरे एकदम ‘भरलेली’ दिसतात. चिन्हरहित ६४-बिट प्रकार घेतला की ही चूक जाते.

तरी दोन अडचणी उरतात. उजव्या कडेचा घोडा सरकून वेगळ्याच ओळीच्या डाव्या टोकाला उगवतो. त्यासाठी कडेचे स्तंभ आधी झाकावे लागतात. आणि १२ × १२ च्या पटाला १४४ बिट्स लागतात, ते ६४ मध्ये मावत नाहीत. ‘ऑब्जेक्ट’ प्रकारच्या अ‍ॅरेत पायथनचे मोठे पूर्णांक ठेवता येतात. उत्तर बरोबर येते, पण ज्या वेगासाठी अ‍ॅरे घेतला तोच जातो.

माझा आक्षेप रुंदीवर नाही, मौनावर आहे. शिवाय अ‍ॅरेच्या भाषेत संख्येच्या पोटात अ‍ॅरे लपवण्याची गरज काय, हाही प्रश्न आहे. केनेथ आयव्हरसन यांच्या १९६२ च्या पुस्तकातून पुढे आलेल्या एपीएलमध्ये ०-१ ची ओळ हाच एक अ‍ॅरे असतो. पुढचे काही घटक टाकले आणि मागे तेवढीच शून्ये जोडली की डावीकडे सरकवणे झाले. लांबीची मर्यादा उरत नाही. डायलॉग एपीएल असे घटक प्रत्येकी एका बिटातच साठवते. नमपायमध्येही १२ × १२ चा सत्य-असत्य अ‍ॅरे घेऊन दोन ओळी आणि एक स्तंभ कापून सरकवता येतो. प्रत्येक घटकाला एक बाइट लागतो, पण कड दिसते. ‘रोल’ मात्र वापरू नका. ते बाहेर पडलेले घटक दुसऱ्या टोकाला आणून ठेवते.

म्हणून सरकवण्याचा नियम लिहिताना शेजारी घटकाची रुंदी आणि चिन्ह लिहाच. आणि तपासणी सोपी आहे: ८ × ८ किंवा त्याहून मोठ्या पटावर एका घोड्याला किमान २ आणि कमाल ८ घरे मिळतात. सर्व उड्या मिळून ० आली किंवा ८ हून अधिक आली, तर प्रोग्रॅम चुकला आहे. कडेची चूक या मोजणीतून निसटू शकते. तिच्यासाठी कोपऱ्यातील आणि कडेची घरे कागदावर काढून ताडून पाहा.