तबला कोणी वाजवला?

बनारसी ठुमरीची आजची अवस्था जोखायची तर गवयांच्या आधी ध्वनिमुद्रणांकडे पाहावं लागतं. बनारसच्या कबीरचौऱ्यात अजून रियाज चालतो. दर एप्रिलमध्ये संकटमोचन मंदिराच्या अंगणात रात्रभराच्या मैफली होतात, तिकीट नसतं, आणि 2023 साली त्या समारोहानं शंभरी गाठली. पण सिद्धेश्वरीदेवी, रसूलनबाई, बडी मोतीबाई आता ऐकायच्या तर तबकडी, टेप नाहीतर इंटरनेट यांखेरीज मार्ग नाही. या मार्गावर पहारा आहे स्वामित्व हक्क कायद्याचा, म्हणजे कॉपीराइटचा. हा पहारा कुणासाठी जागतो आणि कुणाच्या वेळी डोळे मिटतो, हे पाहण्यासारखं आहे.

आधी एक जुनी तबकडी घेऊ. अठ्ठ्याहत्तरच्या वेगाची, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. बैठकीत अर्धा-पाऊण तास रंगणारी बोलबनावाची ठुमरी एवढ्यात बसवायची. बाई मुखडा दोनदा घेतात, एका अंतऱ्यात दोन-तीन जागा दाखवतात, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात तबलजी संथ ठेका सोडून लग्गीत, म्हणजे जलद लयीत, शिरतो. बनारसच्या ठुमरीचा निम्मा प्राण त्या लग्गीत आहे. त्या वेळी बाई फक्त मुखडा धरून असतात आणि गाणं तबल्याच्या हाती जातं. आता लेबल वाचा: गायिकेचं नाव, राग, कंपनीचा छाप, क्रमांक. तबलजीचं नाव बहुधा नाहीच, सारंगियाचंही नाही. हेच ध्वनिमुद्रण आज मोबाइलवरच्या गाण्यांच्या ॲपमध्ये शोधा. गायिकेच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं, राग गाळलेला, साल म्हणून कुठल्याशा संकलनाचं साल, आणि मालक कोण ते मात्र ठळक अक्षरांत. शंभर वर्षांत तबलजी लेबलावर आला नाही तो नाहीच.

गंमत म्हणजे कायदा त्याच्या बाजूनं आहे. 1994 च्या दुरुस्तीनं गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना स्वतःच्या सादरीकरणावर हक्क मिळाले. 2012 च्या दुरुस्तीनं त्यात कलम 38 ब आलं, ज्यानुसार कलाकार म्हणून आपलं नाव लागावं हा वादकाचाही हक्क ठरला. व्यापारी वापरातून मानधनाचा वाटा मिळण्याची तरतूदही त्याच साली झाली. पण नाव गाळलं म्हणून एखाद्या कंपनीच्या दारात पोलीस गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. त्याच कायद्याचं कलम 63 मात्र हक्कभंग करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैदेची भाषा बोलतं, आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा दिला.

बरं, ज्याला चोरी म्हणतात ती मुळात का होते? ऐंशीच्या दशकात उत्तर हिंदुस्थानात नकली कॅसेटींचा सुळसुळाट झाला, तो काही लोकांची नियत अचानक फिरली म्हणून नव्हे. एचएमव्हीच्या कॅसेटी महाग होत्या, वेळेवर मिळत नव्हत्या, आणि कजरी, चैती, बिरहा यांसारख्या स्थानिक गाण्यांकडे तर कंपनीनं जवळपास पाठच फिरवलेली. गुलशन कुमार यांची टी-सीरिज त्या भगदाडातून आत आली. कायद्यातल्या एका सवलतीचा आधार घेऊन जुनी गाणी नव्या गळ्यांत बसवून तिनं स्वस्तात विकली. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (1993) या पुस्तकात हा सगळा काळ नोंदवला आहे. बनारसचा बिरहा गावोगाव पोचला तो या स्वस्त कॅसेटींवरून आणि पुढे मोबाइलच्या कार्डात गाणी भरून देणाऱ्या टपऱ्यांवरून. त्यातल्या किती गाण्यांचे पैसे गवयापर्यंत पोचले, हा प्रश्न टपरीवाल्याला विचारायचा तसाच कंपनीलाही विचारायला हवा. बिरह्याचे मोठे गायक हिरालाल यादव यांना पद्मश्री मिळाली 2019 साली, आणि त्याच वर्षी ते गेले.

आपण मराठी माणसांनी इथं फार साळसूदपणा आणू नये. ‘मानापमान’ (1911) रंगभूमीवर आलं तेव्हा गोविंदराव टेंब्यांनी दिलेल्या कित्येक चाली पूरब अंगाच्या, म्हणजे बनारसकडच्या, ठुमरी-दादऱ्यांवर बेतलेल्या होत्या. त्या चाली घेतल्या म्हणून नाट्यसंगीताचं वैभव वाढलं आणि पूरबच्या गाण्याला महाराष्ट्रात कान मिळाले. आजच्या कंपनीच्या वकिलानं त्या रात्री बालगंधर्वांच्या गाण्याआधी नोटीसच बजावली असती.

चित्रपटाच्या बाबतीतही बनारसचाच दाखला आहे. काशीनाथ सिंह यांच्या ‘काशी का अस्सी’वरून चंद्रप्रकाश द्विवेदींनी केलेल्या ‘मोहल्ला अस्सी’चं प्रदर्शन 2015 मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं रोखलं. सेन्सॉरनं प्रमाणपत्र नाकारलं. चित्रपट मात्र 2015 मध्येच इंटरनेटवर फुटला. डिसेंबर 2017 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो मोकळा केला आणि 16 नोव्हेंबर 2018 ला तो चित्रगृहात लागला. तोवर ज्यांना पाहायचा होता त्यांनी पाहून टाकला होता. निर्मात्याचं नुकसान खरंच आहे, ते मी कमी लेखत नाही. पण तीन वर्षं जी वस्तू सरळ मार्गानं पैसे मोजूनही मिळत नव्हती, तिच्या प्रेक्षकाला चोर ठरवताना शब्द जरा जपून वापरायला हवा. 2023 च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीनं चित्रपटाची चोरून नक्कल करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद, आणि किमान तीन लाख ते कमाल निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद केली. प्रेक्षकाला चित्रपट वेळेत आणि वाजवी दरात मिळावा, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

ऐकणाऱ्या-पाहणाऱ्यावर दरडावण्याची तर सवयच झाली आहे. 2016 मध्ये बंद केलेल्या संकेतस्थळांवर नुसतं ‘पाहणं’ हाही गुन्हा असल्याची धमकी झळकू लागली. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी त्या मजकुराचे कान उपटले: केवळ पाहणं हा कायद्यानं गुन्हा नाही. खाजगी वापरासाठी आणि अभ्यासासाठी केलेल्या वाजवी वापराला तर कलम 52 चं संरक्षण आहे. निराधार धमक्या देणाऱ्याविरुद्ध न्यायालयात जायची वाट कलम 60 नं ठेवली आहे, पण नोटीस हातात पडलेला गायक ती वाट धरतो कुठे? तो व्हिडिओ काढून मोकळा होतो.

लॉकडाऊनमध्ये हे उघड्यावर आलं. 2020 साली संकटमोचनचा समारोह इंटरनेटवरून झाला, पंडित जसराज अमेरिकेतून गायले. त्याच काळात घरून मैफल करणाऱ्या अनेकांचा आवाज इंटरनेटवरच्या हक्क तपासणाऱ्या यंत्रानं मध्येच बंद केला. यंत्र स्वरांची रचना जुळवून पाहतं. तानपुऱ्यावरचा भैरवीचा आलाप आणि कुणा कंपनीच्या संचातला भैरवीचा आलाप यांतला फरक त्याला उमगत नाही. भैरवी कुणाच्या बापाची नाही, हे यंत्राला कोण सांगणार?

ज्यांनी पैसे मोजले त्यांची तरी कुठे कदर होते? ‘रेसो’ ही गाण्यांची सेवा जानेवारी 2024 मध्ये भारतात बंद पडली, आणि वर्गणीदारांनी जमवलेल्या याद्याही तिच्याबरोबर गेल्या. उलट सारेगामानं 2017 मध्ये जुनी गाणी भरलेला ‘कारवाँ’ हा संच बाजारात आणला तेव्हा लोकांनी आनंदानं पैसे दिले. म्हणजे नीट माल, सरळ किंमत ठेवली तर रसिक चोरवाट शोधत नाही.

मग ठुमरी टिकवली कुणी? संग्राहकांनी. 1990 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सनं तबकड्यांच्या सूच्या केल्या, अंक काढले. सबा दिवाण यांना ‘द अदर साँग’ (2009) या माहितीपटासाठी रसूलनबाईंचं 1935 चं एक भैरवीतलं गाणं शोधत हिंडावं लागलं. परदेशात अशाच तबकड्या इंटरनेटवर चढवणाऱ्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर बड्या कंपन्यांनी 2023 मध्ये खटला भरला, तो 2025 मध्ये तडजोडीनं मिटला.

आपल्याकडे कायद्यातली एक मेख फारशी कुणी सांगत नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं चालतो. जे प्रकाशितच झालं नाही त्याची मुदत सुरूच होत नाही. आकाशवाणीच्या फितीत बंद राहिलेलं, कधी प्रकाशित न झालेलं गाणं म्हणूनच कंपनीच्या तबकडीहून जास्त कोंडलेलं आहे. गिरिजादेवी अलाहाबाद आकाशवाणीवर 1949 साली पहिल्यांदा गायल्या. तेव्हापासूनचा असा ठेवा प्रकाशित करण्याची जबाबदारी सरकारची आहे, आणि ती निभावण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, इच्छेची आहे.

तबकड्यांचं तसं नाही. 2026 उजाडताना 1965 पर्यंत प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांची साठ वर्षं भरली आहेत. पारंपरिक बंदिश असेल तर ती तबकडी इंटरनेटवर चढवायला कुणाची परवानगी लागत नाही. तुमच्या माळ्यावर अशा तबकड्या असतील तर भंगारात देऊ नका. लेबलाचा स्वच्छ फोटो काढा, लेबलाजवळ कोरलेला क्रमांक उतरवून घ्या, जाणत्या संग्राहकाकडून आवाज उतरवून घ्या, आणि घरातल्या कुणा वडीलधाऱ्याला साथीदारांची नावं ठाऊक असतील तर ती आजच लिहून ठेवा.