जोसेफ आल्बर्स : अमूर्त चित्र आणि अध्यापन यांचे अन्योन्यत्व

प्रस्तावना

विसाव्या शतकातील अमूर्त कलेच्या इतिहासात चित्रकार आणि कलाशिक्षक या दोन्ही नात्यांनी जोसेफ आल्बर्स (१८८८-१९७६) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. मात्र शिक्षक म्हणून त्यांचा गौरव करणारे अनेक अभ्यासक त्यांच्या चौरसांच्या चित्रांना वर्गातील पाठांचे परिशिष्ट समजतात. हा आक्षेप कितपत टिकतो, हे पाहणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

अध्यापनाची जडणघडण

जर्मनीतील बोट्रोप येथे जन्मलेले आल्बर्स प्रथम प्राथमिक शाळेत शिक्षक होते. १९२० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते वायमार येथील बाउहाउस या संस्थेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले. रंगसाहित्य विकत घेण्याची ऐपत नसल्याने गावाबाहेरच्या कचऱ्यातून फुटक्या काचा गोळा करून त्यांनी काचचित्रे घडविली. उपलब्ध साहित्यातून कमीत कमी नासाडी करून अधिकाधिक मिळविणे, हे त्यांच्या अध्यापनाचे सूत्र याच अनुभवाशी जुळणारे आहे. पुढे तेथील प्राथमिक अभ्यासक्रम शिकविताना ते विद्यार्थ्यांच्या हाती साधा कागद देत आणि घडी व काप यांतून त्याचे सामर्थ्य शोधावयास सांगत.

नाझी राजवटीच्या दडपणामुळे १९३३ मध्ये बाउहाउस बंद पडले. त्याच वर्षी आल्बर्स आणि त्यांच्या पत्नी, विणकर-कलावंत ॲनी आल्बर्स, अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेजात आले. इंग्रजी जेमतेम येत असतानाही विद्यार्थ्यांचे डोळे उघडणे हे आपले ध्येय असल्याचे त्यांनी सांगितले. १९४९ पर्यंत तेथे आणि १९५० ते १९५८ या काळात येल विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. रॉबर्ट राउशेनबर्ग, रूथ असावा, एव्हा हेसे हे त्यांचे विद्यार्थी. यांपैकी कोणाचीही कला गुरूच्या चित्रांची प्रतिकृती वाटत नाही. शैलीऐवजी दृष्टी देणाऱ्या अध्यापनाचा याहून बोलका पुरावा नाही.

रंगविचार आणि चित्र

१९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरॲक्शन ऑफ कलर' या ग्रंथात प्रत्यक्ष प्रयोगाला सिद्धान्ताच्या आधी स्थान आहे. एकच रंग दोन भिन्न पार्श्वभूमींवर दोन रंगांसारखा भासतो, हे विद्यार्थ्याने रंगीत कागदांच्या साहाय्याने स्वतः पडताळावे, अशी त्याची रचना आहे. रंगाचे भौतिक अस्तित्व आणि त्याची प्रतीती यांतील अंतर हा या ग्रंथाचा गाभा होय.

१९५० मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, आरंभलेली 'होमेज टू द स्क्वेअर' ही मालिका याच अंतरावर उभी आहे. मृत्यूपर्यंत त्यांनी या मालिकेत हजाराहून अधिक चित्रे केली. ट्यूबमधील रंग शक्यतो मिश्रण न करता सुरीने फळ्यावर लावावयाचा आणि वापरलेल्या रंगांची नोंद फळ्याच्या मागे करावयाची, अशी त्यांची पद्धत होती.

वरील आक्षेपाचे उत्तर याच चित्रांत सापडते. येथील चौरस समकेंद्री नाहीत. खालचे, बाजूचे आणि वरचे अंतर १:२:३ या प्रमाणात असल्याने आकृती खाली झुकते आणि तिला भार प्राप्त होतो. रंग बदलताच तोच आतील चौरस कधी पुढे येतो, कधी खोल जातो. पाठाचे उत्तर एकदा कळले की पाठ संपतो. या चित्रांत मात्र गणित उलगडल्यावरही प्रतीती निश्चित होत नाही. नोंदलेले साहित्य आणि अनिश्चित अनुभव यांतील हा ताण पाठाच्या कक्षेबाहेरचा आहे.

मर्यादा

आल्बर्स यांची शिस्त कठोर होती आणि आत्माविष्काराविषयी ते साशंक होते. त्यामुळे व्यथा, इतिहास किंवा निर्वासिताचे दुःख यांना त्यांच्या चित्रांत उघड स्थान मिळत नाही. देश सोडावा लागलेल्या कलावंताचे हे मौन वाचकाला अस्वस्थ करते. मालिकेतील सर्व चित्रांची गुणवत्ता समान आहे, असेही म्हणता येत नाही.

समारोप

१९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आल्बर्स यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. हयात कलावंताला असा एकल मान तेथे प्रथमच लाभला. तथापि त्यांचे खरे महत्त्व अन्यत्र आहे. वर्गात जो प्रश्न ते विद्यार्थ्यांना विचारीत, तोच पंचवीस वर्षे ते स्वतःलाही विचारीत राहिले. अध्यापनामुळे सर्जन खुंटते हा समज त्यांच्या कारकिर्दीने खोडून काढला आहे.